जैतून, यंदा तुझं मत कुणी द्यायचं?

जैतून, काल मतदान झालं. शाळेतून बाहेर पडले आणि शाईचं बोट वर धरून सरळ तुझ्या बांगड्यांच्या टपरीकडं निघाले. शाळेचं फाटक, मग पिठाची गिरणी, मग लिंबाचं झाड, आणि झाडाखाली तू. पाय आपले आपण चालले होते. झाडापाशी पोचले तर तुझ्या जागेवर तुझी सून नसरीन बसलेली. तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला की तू तर दिवाळीच्या आधीच गेलीस. चाळीसवा झाला, त्या दिवशी तुझ्याच घरात बसून मी गोड भात खाल्ला, आणि तरी काल बोट दाखवायला तुझ्याकडंच आले. म्हातारीचं डोकं, दुसरं काय.

उद्या निकाल. आज कुणी ब्लाऊज शिवायला घेऊन येईना, सगळ्या बायांच्या तोंडी निकालच आहे. म्हणून मशीन झाकून लिहायला बसले. माझं लिहिणं तुला ठाऊक आहे. चौथीला शाळा सुटली, पुढचं सगळं पेपर वाचून वाचून आलेलं. तुला तर मराठी वाचायला यायचंच नाही. मी वाचायची, तू बांगड्या पुसत ऐकायचीस, आणि ऐकून झालं की म्हणायचीस, "झूट हाय. पुढचं वाच."

तर मी पुढचं सांगते. यातलं झूट कुठलं आणि खरं कुठलं ते मात्र मला अजून कळलेलं नाही.

नगराध्यक्षाच्या खुर्चीसाठी यंदा कोण कोण उभे होते ते तू ऐकूनच गेलीस. एक दादा आणि एक सर. बाकीचे असून नसल्यासारखे. दोघांची खरी नावं मी इथं घालत नाही. दोघंही आपल्याच गल्लीतले, दोघांच्याही घरचं मी खाल्लेलं आहे.

दादा खातात. हे त्यांच्या दारच्या कुत्र्यालाही ठाऊक आहे. नळाची लाइन दर उन्हाळ्यात दुरुस्त होते आणि दर उन्हाळ्यात दादांचेच टँकर गावभर पळतात. पण लग्न असो, मयत असो, एक फोन केला की टँकर दारात उभा. पैशाचं विचारलं की दादा दोन्ही कानांना हात लावतात, "काकू, मला पापात पाडता का?"

सर म्हणजे हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेले. चहासुद्धा स्वतःच्या पैशाचा पितात, आणि दुसऱ्याला पाजत नाहीत. इतके प्रामाणिक की त्यांच्यासमोर बसलं की आपणच कुठंतरी काहीतरी चोरून आलोय असं वाटायला लागतं. नळाला पाणी आलं तर टँकर लागेलच कशाला, हे ते वर्षानुवर्षं सांगतात. बरोबरच आहे. तू म्हणायचीस, "हौ, बरोबर हाय. लेकिन आज हंडा कोन भरणार? गणित?"

आणि सरांचं दुसरं म्हणणं म्हणजे लिंबाखालच्या टपऱ्या. रस्त्यावर अतिक्रमण आहे, सगळ्यांना गावाबाहेरच्या माळावर नव्या बाजारात न्यायचं, चिठ्ठ्या टाकून गाळे द्यायचे. तुझी टपरी त्यात पहिली. सर हे तुझ्या तोंडावर बोलले होते, तेही त्यांच्या लेकीच्या लग्नाचा चुडा तू भरत असताना. तू वर न बघता म्हणालीस, "सर, हात हलवू नको म्हणावं पोरीला. तुम्ही बी जरा थांबा, काच पिचंल." ते गेल्यावर मला म्हणालीस, "बांगडी ही ठरवून घ्यायची चीज हाय का गे कमल? बाई दळण घेऊन गिरणीला येते, काच चमकते, हात खाजवतो, बसते. तिकडं माळावर कोन येणार, कुत्री?"

इतकी वर्षं ती टपरी तिथं राहिली ती दादांमुळं. पालिकेची गाडी आली की दादांचा फोन यायचा, गाडी वळायची. म्हणून सगळं गाव धरून चाललं होतं की जैतूनचं मत दादांचं. मीसुद्धा.

मी तुला दर खेपेला विचारायची. तू कधी सांगितलं नाहीस. दुनियेच्या बायांकडून मात्र काढून घ्यायचीस! मला तुझं ते बांगडी भरणं आठवतं. हात हातात घ्यायचीस, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचीस. "ढिल्ला छोड गे, ढिल्ला छोड." कुणी सोडत नाही. काच बघितली की हात आवळतोच. मग तू हळूच काहीतरी विचारायचीस. सासू कशी हाय? पोराचं कुठं जमलं का? बाई उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि तेवढ्यात बांगडी मनगटावर. निवडणूक आली की तुझा सवाल एकच, "मत कुणाला देणार गे?" खरं बोलली तर हात सैल, खोटं बोलली तर कडक, असं तुझं शास्त्र. दादांनाही ते कुणीतरी सांगितलेलं. मतदान जवळ आलं की ते टपरीपाशी येऊन उभे राहायचे. "जैतूनबी, काय म्हणतात हात?"

"दादा, थंडीचे दिवस हायत. सगळेच हात कडक."

भर उन्हाळ्यातल्या निवडणुकीलाही तू हेच सांगितलंस, आणि दादा घाम पुसत हसत गेले.

पण तुझं शास्त्र काही दर वेळी खरं व्हायचं नाही हां. एकदा छातीठोक सांगितलंस, या खेपेला सर येतात, हातांत बघितलंय. सरांचं डिपॉझिट गेलं. मी आठवडाभर तुला छळलं, काय म्हणतात हात, काय म्हणतात हात. शेवटी तू चिडलीस. "हातांनी खरंच सांगितलं होतं. बायांनी बटण बोटानं दाबलं, त्यात माझी काय गलती?"

माझा हात तुला चाचपावा लागायचा नाही. मी कुणाला देते ते उघड होतं, आणि का देते तेही तुझ्यासमोरच घडलेलं.

माझे मालक जाऊन फार दिवस झाले नव्हते. संक्रांतीला दादांच्या घरी मोठं हळदीकुंकू होतं, कारण पुढं निवडणूक होती. वॉर्डातल्या सगळ्या बायांना बांगड्या भरायचं काम वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोनं, तुला दिलं होतं. तू मला ओढत नेलंस. "चल गे, मला काच काढून दे, मी एकटी किती हात बघू?" मी तुझ्या पाठीमागं खाली मान घालून बसले, मापाप्रमाणं बांगड्या देत. वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन रांगेनं येत होत्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. मागून कुणीतरी कुजबुजलं, "अहो वहिनी, त्या..."

"त्या काय? बाईच हायत ना?" म्हणाल्या, आणि लावलं.

त्यांचं बोट कपाळाला टेकलं तेव्हा मला काय झालं ते मला आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. तुला सांगायची गरज पडली नाही. तू माझा हात ओढलास आणि काहीच न विचारता एक हिरवी बांगडी चढवलीस. विचारायचं कशाला, हात कापसासारखा झाला होता.

तेव्हापासून माझं मत दादांचं. आणि तेव्हापासून आपली ती रीत: मतदान झालं की टपरीवर यायचं, शाईचं बोट दाखवायचं, आणि त्याच हातात तू एक बांगडी भरायचीस. बोटाला शाई, हाताला काच. आणि काच भरता भरता भांडण.

"कुंकू वहिनीनं लावलं, मत दादा मागतो. वहिनी उभी हाय का?"

पुढच्या खेपेला वॉर्ड बायांसाठी सुटला आणि वहिनीच उभ्या राहिल्या! मी धावत आले. "घे, आता बोल." तू तोंडात पान फिरवलंस. "बोलते ना. उभी ती हाय, बसणार तो हाय." आणि झालंही तसंच. सही वहिनींची, बाकी सगळं दादांचं. वहिनी बिचाऱ्या मीटिंगच्या दिवशी साडी नेसून जीपमध्ये बसायच्या आणि परत यायच्या.

एकदा तू म्हणालीस, "कुंकवाची किंमत तूच लावून राहिलीस कमल. वहिनीनं लावली नव्हती."

हे मला तेव्हा लागलं. मी दोन दिवस टपरीकडं फिरकले नाही. अजूनही नीट कळत नाही त्याचं काय करायचं. कारण जैतून, दुसरी बाजूही बघ ना. सरांच्या घरी दर चैत्रात हळदीकुंकू व्हायचं. सरांच्या बायको गल्लीतल्या सगळ्या बायांना बोलवायच्या, आणि मला दुसऱ्या दिवशी घरी कैरीची डाळ आणून द्यायच्या. झाकलेल्या वाटीत. डाळ चांगली असायची. सरांना हे ठाऊक होतं की नाही कोण जाणे, गणिताच्या माणसाला वाटीत काय झाकलंय ते कुठलं दिसायला. पण आता तू सांग. जो सगळ्या गावाचं खातो त्याच्या घरी माझ्या कपाळाला बोट लागलं, आणि जो कुणाचं काही खात नाही त्याच्या घरून मला झाकलेली वाटी. मी कुणाला चांगलं म्हणू?

माझी नांदेडची लेक फोनवर म्हणते, आई, दोघंही नको तर नोटा दाब. विष्णुपुरीला कॉलेजात नोकरी करते, तिचं बरोबर असेल. तुला हे सांगितलं तेव्हा तू किती हसलीस! "म्हंजे टपरीवर येऊन, सगळ्या काचा हलवून, काहीच न घेता जाणारं गिऱ्हाईक." मी लेकीला ते तसंच सांगितलं. ती रागावली.

त्या दुपारी तुझ्या छातीत कळ आली तेव्हा मीच दादांना फोन केला. लातूरला न्यायला गाडी त्यांनीच पाठवली, निवडणुकीचे स्टिकर चिकटवलेली. मागच्या काचेवर दादांचा फोटो होता, आतून बघितलं तर उलटा. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून त्याच्याकडं बघत होतीस. म्हणालीस, "हा इथं बी?" आणि हसायला गेलीस तर खोकला आला. मग रस्त्यात मध्येच माझा हात दाबून, अगदी बांगडी भरताना दाबायचीस तसा, म्हणालीस, "इस बार बोलती मैं तेरे को. किसकू दी, कायकू दी, सब बोलती. मतदान तो होने दे."

मी म्हटलं, "आत्ताच सांग की."

"अभी नक्को. अभी दिया कहाँ हाय?"

एवढंच. लातूर आलं, दवाखाना आला, आणि तुझा हात माझ्या हातात सैल पडला. मी तेव्हा तुला काहीसुद्धा विचारलं नव्हतं.

तुझा जनाजा निघाला तेव्हा परतीचा पाऊस नुकता पडून गेला होता. कबरस्तानचा रस्ता तू तर कधी चाललीच नव्हतीस, आपण बाया कोपऱ्यापर्यंतच. मी गिरणीच्या ओट्यावर चढून बघत होते. तो रस्ता कागदावर दोनदा झालाय. दोन्ही खेपेला काम दादांच्या मेव्हण्याकडं. सर हे प्रत्येक सभेत सांगतात आणि प्रत्येक सभेत लोक हसतात. काळी माती, गुडघ्याएवढा चिखल. तुझा लेक अन्वर पुढं, आणि त्याच्या शेजारी खांदा द्यायला दादा. पांढरा लेंगा. चार पावलं गेले आणि दादांचा पाय रुतला. ओढला तर पाय आला, चप्पल राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, खांदा बदला." ते नाही म्हणाले. दुसरीही चप्पल सोडली आणि अनवाणी गेले, शेवटपर्यंत.

ज्यानं रस्ता खाल्ला तोच त्या रस्त्यात रुतलेला, आणि त्याच्या खांद्यावर तू. जैतून, मी ओट्यावर उभी राहून रडत होते का हसत होते मला सांगता येणार नाही. गिरणीवाला मला खाली उतरवायला आला तेव्हा म्हणाला, "काकू, सावकाश." बस्स, तेवढंच आठवतं.

सर झियारतच्या, म्हणजे तिसऱ्या दिवशी आले. बायकोला घेऊन. सतरंजीवर अवघडून बसले. मग सर म्हणाले, "रस्ता झाला असता तर चिखलातून न्यायची ही वेळ आली नसती." अन्वरनं मान खाली घातली. सरांच्या बायकोनं त्यांची बाही ओढली. खरं होतं ना ते, अक्षर न् अक्षर खरं होतं. पण त्या घरात त्या घटकेला ते खरं कुणाला पाहिजे होतं? निघताना दारात थांबून सर नसरीनला म्हणाले, "नव्या बाजारात तुमचा गाळा पहिल्या रांगेत येईल, असं बघतो." आणि दोन पावलं जाऊन परत वळले. "म्हणजे चिठ्ठीत आला तर."

मला तिथंच तुझी इतकी आठवण झाली म्हणून सांगू. तू असतीस तर पदर तोंडात धरून हसली असतीस. माणूस खोटं आश्वासनसुद्धा पुरतं देऊ शकत नाही!

मग चाळीसवा. भांडी घासून झाल्यावर मी आणि नसरीन मागच्या दारात बसलो होतो. ती एकदम म्हणाली, "खाला, आता आमच्या घरात एकच मत राहिलं."

"अन्वर?"

"ते हैदराबादहून मतासाठी कधी आलेत? मी आणि अम्मी, दोघीच तर होतो. अम्मीनं वाटून ठेवलं होतं. एक पेट का, एक ईमान का. पेट का माझं."

"म्हणजे गं?"

"दादांना मी द्यायचं. टपरी पुढं तुला चालवायची हाय, म्हणायच्या. स्वतः न्हाई द्यायच्या."

"मग ती कुणाला द्यायची?"

"सरांना. सर उभे नसले तर जो कोन बिनखाणारा वाटेल त्याला. दादा सोडून."

मी तुझ्या घराच्या मागच्या दारात बसून राहिले, हातात ओलं पातेलं. जैतून, तू? दादांची गाडी, दादांचा टँकर, दादांच्या फोनवर उभी असलेली टपरी, आणि मत सरांना, जे ती टपरी उचलायला निघालेत? आणि मी, जिची कुठलीच टपरी नव्हती, जिला उचलायचं काही नव्हतं, मी इतकी वर्षं दादांना देऊन राहिले. आपण दोघी एकमेकींच्या जागी बसलो होतो की काय?

आधी मला राग आला. माझा हात तू वर्षानुवर्षं चाचपलास, तुझा हात मी एकदाही चाचपला नाही. माझ्याशी कुंकवावरून एवढं भांडलीस, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस. का? मला वाईट वाटेल म्हणून? की मी वहिनींपाशी बोलून जाईन म्हणून? मी बोलले असते का? बोलले असते बहुतेक. माझ्या तोंडात काही राहतं का.

मग वाटलं, याला ईमान म्हणायचं तर कसं? ज्याचं पाणी प्यायलो त्याला न देणं हे ईमान, की देणं हे ईमान? तुला विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, पाणी त्याचं नव्हतंच, नळातलं होतं. असंच म्हणाली असतीस ना? मला तुझं उत्तर ऐकू येतं, पण मला ते पटतं की नाही तेच कळत नाही. त्यानं चप्पल सोडली ती पण खरीच होती ना?

काल दुपारी मी शाळेत गेले तेव्हा हे सगळं डोक्यात तसंच गुंतलेलं होतं, उलटा दोरा ओवल्यासारखं. वॉर्डाची बटणं पटपट दाबली, ती माणसं माझ्या माहितीची. नगराध्यक्षापाशी बोट थांबलं. वर दादा, खाली सर. कुंकू आठवलं. मग चिखलातली चप्पल आठवली. मग झाकलेली वाटी आठवली. मग माळावरचा तो ओसाड बाजार, आणि त्यात एकटी बसलेली नसरीन. बाहेरून कर्मचारी पोरगी म्हणाली, "आजी, मशीन बंद पडलं का?"

मी म्हटलं, "मशीन चालू हाय बाळा, मी बंद पडले."

रांगेतले हसले. आणि त्या हसण्यात मला एकदम सोपं वाटलं. पोटाचं मत नसरीन देणारच. दादांना ते एक पोचलं. टपरीची सोय झाली. राहिलं तुझं. ते कुणी द्यायचं? अन्वर येत नाही, आणि या गावात तुझं ते मत ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच. तुझं मत तसंच वाऱ्यावर राहणार, हे मला बघवेना. मी सरांचं बटण दाबलं. लांब शिट्टी वाजली. माझं स्वतःचं मत काय होतं ते विचारू नकोस, मला ठाऊक नाही. मी तुझं दिलं.

आणि मग आले टपरीवर, बोट वर धरून.

नसरीननं बोट बघितलं. तिला आपली रीत मी कधी सांगितली नव्हती, पण तिनं काही न बोलता पाट पुढं सरकवला आणि माझा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दाबला. तिचा हात तुझ्यापेक्षा मऊ आहे, अजून घट्टे पडायचेत. "ढिल्ला छोडो खाला." मी कुठली सोडते. काच अर्ध्यात अडकली. मग ती हळूच म्हणाली, "कुणाला दिलं?"

शिकवून गेलीस की गं तिला सगळं!

"सरांना," मी म्हटलं. "तुझ्या सासूचं दिलं." बांगडी आत गेली.

नसरीन हात सोडेना. तिचाच हात आता थंड पडला होता. "खाला," ती म्हणाली, "मी पण."

"मी पण काय?"

"मी पण अम्मीचंच दिलं. मी म्हटलं, कमलखाला दादांना देतातच, दर वेळी देतात. पेट का त्यांच्याकडून जाईल. अम्मीचं कोन देणार?"

मग मी विचारलं, "मग टपरीचं कुणी दिलं?"

कुणीच दिलं नव्हतं. जिवंतपणी एक मत देणारी तू, मेल्यावर तुझी दोन झाली, आणि पोट उपाशी राहिलं. आधी नसरीनला हसू फुटलं. मग मला. आम्ही दोघी इतक्या हसलो की गिरणीवाला पिठाचं तोंड घेऊन बाहेर बघायला आला. आणि हसता हसताच ती पोर काचांवर डोकं ठेवून रडायला लागली. "खाला, टपरी गेली तर मी काय करू? अम्मीला काय सांगू?" मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी तिला म्हटलं, माझ्या ओसरीवर मशीनशेजारी जागा आहे, तिथं पेटी मांड. पण माझी ओसरी गल्लीच्या आत आहे, गिरणीच्या वाटेवर नाही, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

तेवढ्यात जीप थांबली. दादा उतरले. दिवसभर फिरून चेहरा काळवंडलेला, पायात नव्या चपला. माझं बोट बघितलं, "काकू, झालं?"

"झालं," मी म्हटलं आणि बोट दाखवलं. तेच बोट, त्याच हातात नवी बांगडी. त्यांनी हात जोडले. मग टपरीच्या फळीवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. "जैतूनबी पाहिजे होत्या. आज विचारलं असतं, काय म्हणतात हात."

मी खाली बघितलं. त्यांचा आवाज खरंच भरून आला होता, जैतून. ते ढोंग नव्हतं. मला ढोंग कळतं.

नसरीननं डोळे पुसले आणि म्हणाली, "दादा, थंडीचे दिवस हायत."

दादा मोठ्यानं हसले. जीपमध्ये बसले आणि गेले.

हे सगळं नसरीनला विचारूनच लिहून राहिले. ती म्हणाली, लिहा खाला, अम्मीला कुणीतरी सांगायला पाहिजे. कागद कुणाच्या हाती लागून दादांच्या वाचण्यात आलं तर येऊ दे. त्यांनी विचारलं तर मी काय सांगणार आहे ते अजून ठरलेलं नाही. तुला मात्र सांगून टाकलं. तू सांगणार होतीस ते राहिलं, म्हणून माझं तरी राहू नये. कुणी निवडून यावं असं मला वाटतं, हे मात्र विचारू नकोस. काल संध्याकाळी वाटत होतं सर यावेत. सकाळी नसरीनला फळ्या पुसताना बघितलं आणि वाटलं, दादाच यावेत. आता दुपार आहे.

उद्या मिरवणूक टपरीसमोरूनच जाणार, दुसरा रस्ताच नाही. दर निकालाला तू जुनी चादर काढून सगळ्या काचांवर टाकायचीस आणि वर चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचीस. नसरीनला ते ठाऊक नव्हतं. मी आज सकाळीच तिला सांगून आले, चादर शोधून ठेव. कुणाचाही असू दे, गुलाल काचांत शिरला की पुसता पुसता काच पिचते.